मस्टरवर नाव तुमचं, अंगठा कुणाचा?

बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतो आणि ऊन तापायला लागलं की परततो. मधले पाच-सहा महिने तो कोल्हापूर, सांगली, पुणे नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात असतो. नेमक्या याच महिन्यांत गावातल्या रोजगार हमीच्या पाणंद रस्त्याच्या मस्टरवर (हजेरीपटावर) त्याची हजेरी लागली, मजुरी निघाली आणि ती तिसऱ्यानंच उचलली, तर त्याला पत्ता लागणार कसा? बहुतेकदा लागतच नाही. लागतो तो वर्षा-दोन वर्षांनी, आडवाटेनं. स्वतः काम मागायला गेल्यावर "तुमच्या घरचे दिवस भरलेत" असं उत्तर मिळतं. किंवा तालुक्यावरून चौकशीचा कागद येतो आणि त्यात आपण कधी न पाहिलेल्या विहिरीवर आपण खोदकाम केलेलं असतं.

असले प्रकार जगभर होतात. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेत बेरोजगारी भत्त्याचे अर्ज दुसऱ्यांच्या नावांवर लाखोंनी भरले गेले. एकट्या वॉशिंग्टन राज्यातून हजारो कोटी रुपये भामट्यांच्या खात्यांत गेले. पण तिथं भत्ता मंजूर झाल्याचं पत्र खऱ्या माणसाच्या घरी पोचायचं. नोकरीवर असलेल्या माणसाच्या हातात बेरोजगार भत्त्याचं पत्र पडलं, की तो त्याच दिवशी मालकाला, राज्याच्या कार्यालयाला आणि पोलिसांना कळवू शकायचा. आपल्याकडे असं पत्र येत नाही. म्हणून आपल्याला स्वतःहून बघायला जावं लागतं.

आपल्याकडे बेरोजगार भत्ता म्हणजे नेमकं काय, हेही पुष्कळांना माहीत नसतं. रोजगार हमीच्या कायद्यानुसार (मनरेगा) काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि त्यापुढे किमान निम्मा हिस्सा भत्ता म्हणून मिळायला हवा. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे आधी ७८ आणि मग १५६ रुपये रोज. ही रक्कम मिळालेला मजूर मला तरी अजून भेटायचा आहे. त्याचं एक कारण असं की नमुना ४ भरून काम मागितल्याची तारखेची पोच कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. दुसरं कारण या लेखाचा विषय आहे. तुमच्या नावावर खोटी हजेरी लागलेली असेल, तर कागदोपत्री तुम्ही बेरोजगार नसताच. खोट्या मस्टरनं मजुरीवर डल्ला पडतो आणि भत्त्यावरचा हक्कही त्याच फटक्यात जातो.

तुमच्याच नावाची गरज का पडते, ते समजून घ्या. मनरेगात मजुरीवर किमान ६० टक्के आणि साहित्यावर फार तर ४० टक्के खर्च, असं प्रमाण जिल्ह्याला पाळावं लागतं. मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं वापरायची नाहीत आणि ठेकेदार नेमायचा नाही, असाही नियम आहे. प्रत्यक्षात रात्रीतून जेसीबी फिरतो आणि काम उरकतं. आता जेसीबीचं बिल काढायचं कुठून? त्यासाठी मस्टरवर माणसं लागतात. ज्याचं जॉबकार्ड आहे, आधार जोडलेलं आहे, बँकेत खातं आहे आणि जो सहा महिने गावात फिरकणार नाही, असं नाव यासाठी सगळ्यात सोयीचं. ऊसतोड मजुराचं नाव या सगळ्यांत बसतं.

बीडला हे नवं नाही. इथल्या रोहयोतल्या गैरव्यवहाराची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालली आणि २०२१ मध्ये खंडपीठानं तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदली करायला सरकारला सांगितलं. पुढे पीकविम्यात हाच खेळ वेगळ्या कागदांवर झाला. खरीप २०२३ पासून शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळू लागला आणि अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला दर अर्जामागे ४० रुपये. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीडमधल्या बोगस विम्याचा विषय लावून धरला. सरकारी जमिनींवर, दुसऱ्यांच्या शेतांवर परस्पर विमा उतरवल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजनाच गुंडाळली गेली. नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यातल्या मनाठ्याचं प्रकरण तर या विषयाला अगदी लागून आहे. रोजगार हमीचे पैसे येणार आहेत असं सांगून एका सेवा केंद्र चालकानं पुरुषांची आधारकार्डं आणि पासबुकं घेतली आणि त्यांवर लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, असा आरोप २०२४ मध्ये झाला. त्या योजनेत राज्यभर १४ हजारांवर पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचं २०२५ मधल्या छाननीत उघड झालं. या सगळ्यांनी ठरवून लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या काहींना आपण 'बहीण' झालोय हे बातमी आल्यावरच कळलं असणार.

आधी बघा, मग बोला

गावात आरडाओरड करण्याआधी नोंद पाहून घ्या. मनरेगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, बीड, तुमचा तालुका, तुमची ग्रामपंचायत असं उघडत गेलं की जॉबकार्डांची यादी मिळते. ती कुणालाही पाहता येते, त्यासाठी पासवर्ड लागत नाही. आपल्या कुटुंबाच्या क्रमांकावर गेलं की कुठल्या वर्षी कुठल्या कामावर किती दिवस भरले, मस्टर क्रमांक काय आणि किती रक्कम निघाली, हे सगळं दिसतं. हे काम गावातल्या त्याच सेवा केंद्रात करू नका, ज्याच्याबद्दल शंका आहे. तालुक्याला जा, किंवा घरातल्या शिकणाऱ्या पोराला मोबाईलवर उघडायला सांगा.

संशयास्पद नोंद दिसली की पहिलं काम छापून घेण्याचं. पानावर तारीख आणि वेळ उमटेल अशी प्रत काढा, दोन काढा. तक्रार झाल्याची कुणकुण लागली की कार्ड रद्द होतं, नाव वगळलं जातं आणि "असं कार्डच नाही" असं उत्तर येतं. तुमच्याकडे छापील प्रत असेल तर ते उत्तर टिकत नाही.

जॉबकार्ड तुमच्या घरात आहे का, हेही पाहा. पुष्कळ गावांत सगळी कार्डं रोजगार सेवकाच्या कपाटात एका गठ्ठ्यात असतात. "हरवेल, माझ्याकडेच राहू द्या" असं सांगितलं जातं आणि लोकही सोय म्हणून देतात. कार्ड कुटुंबाच्याच ताब्यात असलं पाहिजे. योग्य कारणाशिवाय ते कर्मचाऱ्यानं किंवा पुढाऱ्यानं ठेवून घेणं हा मनरेगा कायद्याच्या कलम २५ खालचा गुन्हा आहे.

१ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाईल ॲपवर फोटोसह घेणं सगळीकडे सक्तीचं झालं. हे फोटोही संकेतस्थळावर पाहायला मिळतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना लिहिलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून लावला जातो, मस्टरवरची माणसं आणि फोटोतली माणसं जुळत नाहीत. तेव्हा तुमच्या नावाच्या मस्टरचा त्या तारखेचा फोटो उघडा आणि त्यात तुम्ही आहात का ते पाहा. मस्टरवर नाव बाईचं आहे आणि फोटोत चार पुरुष उभे आहेत, इतका सरळ पुरावा कधीकधी हाती लागतो.

आता पैसे कुठे गेले ते शोधायचं. १ जानेवारी २०२४ पासून रोहयोची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आधारशी एका वेळी एकच खातं या कामासाठी जोडलेलं असतं, शेवटी जोडलं ते. आधारच्या (युआयडीएआय) संकेतस्थळावर आपल्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. ती बँक तुमची नसेल, म्हणजे तुम्ही कधी पायरी न चढलेल्या बँकेत किंवा पेमेंट बँकेत तुमच्या नावानं खातं निघालेलं असेल, तर चोरी तिथेच झालीय. सिमकार्ड घेताना, गॅसची सबसिडी म्हणून, कर्जमाफीची यादी म्हणून दिलेल्या एखाद्या अंगठ्यावर असं खातं उघडलेलं असू शकतं. बँक तुमचीच असेल, तर पासबुकात नोंदी भरून घ्या आणि मजुरी जमा झाल्यावर ती कुणी, कुठल्या बँक मित्राकडून, कुठल्या दिवशी काढली ते पाहा. "सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा अंगठा ठेवा" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांनी तो दिवस पासबुकात जरूर शोधावा.

तुम्ही गावात नव्हता, हे सिद्ध करा

इथं ऊसतोड मजुराची बाजू इतरांपेक्षा भक्कम आहे. त्याला स्वतःला ते माहीत नसतं. जानेवारीत वडवणीच्या मस्टरवर हजर असलेला माणूस त्याच दिवशी शिरोळ तालुक्यात कोयता चालवत होता, हे दाखवता आलं की पुढचा सगळा वाद संपतो. त्यासाठीचे कागद हंगामात पावलोपावली तयार होत असतात, फक्त ते आपल्या हातात राहत नाहीत.

कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती गाडीच्या किंवा टोळीच्या नावानं असते, तुमच्या नावानं नसते. तेव्हा नुसती पावती पुरत नाही. तिच्या जोडीला टोळीची यादी लागते. तोडणी-वाहतुकीचा करार होताना मुकादम आणि वाहनमालक मजुरांची नावं लिहून घेतात, आधारच्या झेरॉक्स जोडतात. त्या यादीची प्रत मागा. मुकादम कुरकुर करेल, कारण त्या कागदांवर उचलीचा हिशेबही असतो. तरी मागा, आणि नाही दिली तर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे अर्ज करा.

सगळ्यात चांगला पुरावा मात्र मला रेशनचा वाटतो. आता कार्ड कुठलंही असलं तरी धान्य कुठल्याही गावच्या दुकानातून घेता येतं. तुम्ही कोल्हापूरकडच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवून गहू-तांदूळ उचलला असेल, तर त्या दिवशी तुम्ही तिथं होता अशी सरकारचीच नोंद आहे. त्यावर मुकादमाची मेहेरबानी लागत नाही, कारखान्याचाही प्रश्न येत नाही. धान्य घेतल्यावर यंत्रातून निघणारी चिठ्ठी चुलीत टाकू नका. याशिवाय सरकारी दवाखान्यातला केसपेपर, मुलांना स्थलांतराच्या वेळी शाळेतून मिळालेलं शिक्षण हमी कार्ड, गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाच्या यादीत 'पालक स्थलांतरित' म्हणून लागलेलं नाव, ग्रामसेवकाकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, हे सगळं एकत्र ठेवा. शेवटचे दोन कागद तर खुद्द ग्रामपंचायत आणि शाळेनंच दिलेले असतात. एकीकडे ग्रामपंचायत म्हणते हा माणूस तोडीला गेलाय, दुसरीकडे तिचंच मस्टर म्हणतं तो इथं खोदतोय. चौकशी अधिकाऱ्यासमोर हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवा आणि उत्तर त्याला शोधू द्या.

पुढची चोरी थांबवा

मधल्या काळात अंगठ्याचा गैरवापर चालूच असू शकतो. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे लॉक करता येतात. लॉक असताना कुणीही तुमच्या अंगठ्यानं पैसे काढू शकत नाही. पण हे करताना एक अडचण लक्षात ठेवा: रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. दुकानात जाण्याआधी काही मिनिटांसाठी लॉक उघडावं लागतं आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हाताशी लागतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पोरगा घेऊन पुण्याला गेलाय, तिथं लॉक लावणं म्हणजे स्वतःचंच धान्य अडवणं. अशांनी बँकेत अर्ज देऊन खात्यावरची अंगठ्यानं पैसे काढण्याची सोय तेवढी बंद करून घ्यावी. ते पुरेसं आहे.

आधारला जोडलेला नंबर तुमचाच आहे का ते तपासा. सेवा केंद्रवाले फॉर्म भरताना सर्रास स्वतःचा नंबर टाकतात. त्यात नेहमी खोट असते असं नाही, गिऱ्हाइकाकडे फोनच नसतो. पण तुमचे ओटीपी त्याच्या खिशात वाजत असतील, तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात. नंबर बदलायला आधार केंद्रावर स्वतः जा. तिथून पावती घ्या. आधारच्या ॲपवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं-कुठं वापरलं गेलं त्याचा तपशीलही मिळतो, तो छापून तक्रारीला जोडा. काही अडलं तर १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे.

आता अर्ज. तोंडी तक्रारीला किंमत नाही, हे वेगळं सांगायला नको. अर्ज तहसीलदार आणि गटविकास अधिकारी दोघांच्याही नावानं करा, कारण आपल्याकडे रोहयोची काही कामं तहसीलकडून आणि काही पंचायत समितीकडून चालतात आणि तुमचं काम कुणाकडचं होतं यावरच तुमचे दोन महिने जाऊ शकतात. मजकूर साधा ठेवा. असा:

"मी राहणार अमुक, जॉबकार्ड क्रमांक अमुक. माझ्या नावावर अमुक कामावर, अमुक मस्टर क्रमांकावर, अमुक ते अमुक तारखेस हजेरी दाखवून अमुक रक्कम काढण्यात आली आहे. या काळात मी अमुक जिल्ह्यात अमुक कारखान्याच्या ऊसतोडीवर होतो. मी हे काम केलेले नाही व ही रक्कम मला मिळालेली नाही. सोबत पुरावे जोडले आहेत. तरी मूळ मस्टर, हजेरीचे फोटो व रक्कम जमा झालेल्या खात्याची चौकशी व्हावी, माझ्या कार्डावरील खोटे दिवस वजा करावेत, संबंधितांवर गुन्हा दाखल करावा व ही रक्कम माझ्याकडून वसूल करू नये."

यातल्या दिवस वजा करण्याच्या आणि वसुली न करण्याच्या मागण्या लोक विसरतात. दिवस वजा झाले नाहीत तर पुढचं काम आणि भत्ता अडतो. वसुलीबद्दल आधीच लिहून ठेवलं नाही तर उद्या तुम्हीच लाभार्थी म्हणून नोटीस तुमच्या दारात येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. मनरेगाच्या कायद्यात कार्यक्रम अधिकाऱ्यानं तक्रार सात दिवसांत निकाली काढायची आहे. तसं होणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण सात दिवस उलटल्याची तारीख हाताशी असली की वर जाता येतं. वर म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातले रोहयोचे उपजिल्हाधिकारी आणि मनरेगाचे लोकपाल. लोकपालांकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. बरोबरीनं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मूळ मस्टरची आणि खात्यावर रक्कम पाठवल्याच्या आदेशाची प्रत मागा. त्याला ३० दिवसांची मुदत आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला आणि १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी दिली. त्यामुळे "जुनी योजना बंद झाली, आता काय तक्रार?" असं काही कार्यालयांत ऐकू येईल. ऐकून घेऊ नका. जुन्या मस्टरवर झालेली फसवणूक हा फौजदारी गुन्हा आहे आणि योजनेचं नाव बदलल्यानं गुन्हा मिटत नाही.

पोलिसांकडे जाताना

खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे आणि पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तुमची चूक नसताना झालेला व्यवहार, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवला, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. ३० दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचा क्रमांक १४४४८.

जुन्या प्रकरणात मात्र थेट पोलीस ठाणं. "हा महसूलचा विषय आहे, तहसीलला जा" हे पहिलं उत्तर गृहीत धरा. त्यावर शांतपणे सांगायचं, की खोटी हजेरी लावणं ही ठकवणूक आहे, तोतयेगिरी आहे आणि बनावट दस्तही आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८, ३१९, ३३६ आणि ३४० लागतात. त्याआधीच्या घटनेला जुन्या भादंविची ४१९, ४२०, ४६८ आणि ४७१. दुसऱ्याची ओळख संगणकावर अप्रामाणिकपणे वापरली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाणेदारानं नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं तक्रार पाठवायची आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा.

फडावर असतानाच हे कळलं, तर हंगाम संपायची वाट बघायला नको. शून्य क्रमांकानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तो मग बीडकडे वर्ग होतो. वर, तुम्ही तिकडच्या ठाण्यात त्या तारखेला उभे होता, याचीही आपोआप नोंद होते.

आता थोडं कटू. पुष्कळ प्रकरणांत मजुराला सगळंच काही अंधारात ठेवलेलं नसतं. "तुझ्या खात्यावर पैसे येतील, अंगठा लाव, दोनशे-पाचशे तू ठेव, बाकी मला दे" असं सांगितलेलं असतं आणि त्यानंही ते केलेलं असतं. गरज होती, समोरचा गावातलाच होता, नाही म्हटलं तर पुढचं घरकुल अडलं असतं. कारणं खरी आहेत. तरी अशा माणसानं "मला काहीच माहीत नाही" असा अर्ज करू नये. बँकेच्या नोंदीत त्याचा अंगठा सापडतो आणि मग खरी तक्रारही खोटी ठरते. त्यानं जसं झालं तसं लिहावं: कुणी सांगितलं, कितीदा अंगठा लावला, हातात किती ठेवले, किती कुणाला दिले. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलावं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता तिथं फुकट वकील मिळतो. या रचनेत मजूर हा सगळ्यात खालचा दुवा आहे आणि साक्षीदार म्हणून तो आरोपीपेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

वसुलीची नोटीस आली तर घाबरून पैसे भरून मोकळं होण्याचा सल्ला गावात चार जण देतील. पैसे भरले की लाभ तुम्ही घेतला होता असाच त्याचा अर्थ लावला जाईल. मुदतीत लेखी उत्तर द्या, आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक त्यात लिहा.

वाळूज, चाकण, रांजणगावला कंपनीत असलेल्या पोरांसाठी दोन ओळी. तुमच्या पीएफच्या यूएएनवर न ऐकलेली कंपनी दिसली, तर तुमच्या नावानं कुणीतरी कामगार दाखवलाय. उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा आणि ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंदवा. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्याला सरासरी रोजच्या निम्म्या दरानं ९० दिवसांपर्यंत रक्कम मिळते. तुम्ही कुठंतरी 'कामावर' दिसलात तर तीही अडते. शेतकऱ्यांसाठी पीकविम्याचा मदत क्रमांक १४४४७ आहे. आपल्या गट नंबरावर कुणाच्या नावानं विमा आहे, ते पेरणीनंतर एकदा विचारून घ्यावं.

तोडीला निघण्याआधी मुकादमाला, वाहनमालकाला, सेवा केंद्राला आधारची झेरॉक्स द्यावीच लागते. देताना तिच्यावर आडवं लिहा: "फक्त ऊसतोड करारासाठी", खाली तारीख आणि सही. फोटोवरून थोडं जाईल असं लिहा, म्हणजे कापून वापरता येत नाही. जिथं चालेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या, तेही संकेतस्थळावरून फुकट निघतं. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मात्र मागेल त्याला देत सुटू नका.

आणि एक तारीख धरून ठेवा. मनरेगा कायद्याच्या कलम १७ नुसार कामांचं सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेनं करायचं असतं. वर्षातल्या नेहमीच्या चार ग्रामसभांपैकी २६ जानेवारीला निम्मं गाव फडावर असतं आणि २ ऑक्टोबरला उचल घेऊन निघायच्या तयारीत. १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकून सगळे पांगतात. टोळ्या परतलेल्या असतात ती १ मेची ग्रामसभा. त्याआधी आठ-दहा दिवस ग्रामसेवकाला लेखी द्या, की ऑक्टोबर ते मार्चची सगळी मस्टरं नावानिशी वाचून दाखवावीत, आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतल्याची पोच घ्या. एकट्याच्या सहीनं देऊ नका, टोळीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी द्या. त्या सभेला आपापल्या वजनपावत्या आणि रेशनच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन जा, आणि इतिवृत्तावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचून घ्या.